नेमाण्णांचा तीस फुटी रोड

सकाळी सहाच्या सुमाराला शेजारच्या कंपाउंडातून टक्, टक्, टक्, टप् असा आवाज यायला लागला, की आमच्या घरात चहाचं आधण चढतं. नेमाण्णा आपला रोड तपासायला बाहेर पडलेले असतात.

हातात छोटी हातोडी, अंगात बाह्यांचा बनियन, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि एक कान जमिनीकडे कललेला. वीतभर सरकायचं, एक ठोका मारायचा. टक् असा आवाज आला की पुढं. टप् आला की तिथंच उकिडवं बसायचं, आणखी दोन ठोके घालून खात्री करायची आणि कानावरचा खडू काढून तिथं एक गोल काढायचा.

आम्ही बेळगावच्या टिळकवाडीत राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हा प्रकार पाहिला. म्हातारा माणूस वाकून काहीतरी शोधतोय, म्हणून भिंतीवरून विचारलं, "काय हरवलं का?"

"हरवलं न्हाय. सुटलंय," ते मान वर न करता म्हणाले. "ऐका. हितं टक्. आता हितं... टप्. कळला का फरक? वरनं बघाल तर झ्याक दिसतंय. आतनं पोकळ."

मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. पण नव्या शेजाऱ्याशी पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून म्हणालो, "हो, आहे खरा फरक."

त्यांनी आणखी दोन जागी ठोके मारले. "मग सांगा, पोकळ कुठलं?"

मी अंदाजानं एका जागी बोट दाखवलं. नेमाण्णांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"मास्तर काय तुमी?"

"हो. गेल्या वर्षी रिटायर झालो. गणित शिकवायचो."

"वाटलंच," ते म्हणाले आणि पुढं सरकले.

नेमाण्णांचं पूर्ण नाव नेमगोंडा. मूळचे सदलग्याचे, भाऊ अजून तिथं ऊस करतात. हे तरुणपणी बेळगावला आले आणि उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत चिकटले ते रिटायर होईपर्यंत. काम एकच. ओतून गार झालेला लोखंडी नग टांगायचा, त्याला हातोडीनं ठोका द्यायचा आणि ऐकायचं. घंटेसारखा वाजला तर पास. बद्द वाजला तर आत कुठंतरी भेग नाहीतर हवेची पोकळी. मग तो परत भट्टीत. फौंड्री सुटली, पण कानाची सवय सुटली नाही. त्यामुळं नेमाण्णा मिळेल ते ठोकून बघतात. कलिंगड काय, सगळेच ठोकतात. हे माठ, नारळ, पाण्याची टाकी, आमच्या दाराची चौकट, काहीही सोडत नाहीत. एकदा माझे मेव्हणे नवी कोरी कार घेऊन पेढे द्यायला आले. यांनी पेढा तोंडात टाकायच्या आधी बॉनेटवर तीन ठोके दिले आणि "पातळ हाय" असा निकाल सांगितला. मेव्हणे आता गाडी कोपऱ्यावर लावून चालत येतात.

रोड म्हणजे त्यांच्या गेटपासून पोर्चपर्यंतचा काँक्रीटचा पट्टा. लांबी तीस फूट, रुंदी नऊ. त्यातली निम्मी पद्माक्कांच्या जास्वंदीच्या कुंड्यांनी खाल्लेली. पण नेमाण्णा त्याला रोडच म्हणतात. "आमच्या रोडला उतार जरा कमी पडलाय", "रोडवर चिखल आणू नगासा". पद्माक्का म्हणजे त्यांच्या मंडळी. उंचीनं लहान, आवाजानं मोठ्या, आणि नवऱ्यानं दुसरं वाक्य सुरू केलं की कन्नडमध्ये "साकु, साकु", म्हणजे पुरे आता, असं म्हणून ते तिथंच तोडणाऱ्या. मुलगी हुबळीला दिलेली. घरात ही दोघंच.

रोड बिघडला तो पाण्याच्या टँकरमुळं. उन्हाळ्यात कुंड्या बाजूला केल्या, टँकर मागं सरकत आत आला आणि त्याचं चाक गेटपाशी खचलं. तिथं घमेल्याएवढा खड्डा पडला, मधोमध दुसरा पडला, आणि दोन्हींना जोडणारी एक भेग नकाशातल्या घटप्रभा नदीसारखी वळणं घेत गेली. नेमाण्णांनी विटांचे तुकडे टाकून वर्षभर भागवलं. मग यंदा संक्रांतीनंतर त्यांची स्कूटर त्या मधल्या खड्ड्यात आडवी झाली. आरसा फुटला, दिवा लोंबला. नेमाण्णांनी स्वतःच गल्लीभर सांगितलं, "पडलो की हो. वय झालं, तोल न्हाय ऱ्हायला." लोकांनी यथेच्छ सल्ले दिले. त्यांनी सगळे मान खाली घालून ऐकून घेतले. हे मला तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका कंत्राटदाराला बोलावलं. तो आला, गॉगल न काढता रोड बघितला आणि म्हणाला, "हे सगळं उखडायला लागतंय. खाली मुरूम, वर पेव्हर ब्लॉक."

"आवं, खड्डं दोनच हायत."

"तरीबी सगळं काढायलाच पायजे."

नेमाण्णांनी त्याच्याकडे बघून शांतपणे विचारलं, "तुमचा दात किडला तर जबडा काढून ठेवतासा काय?"

कंत्राटदार गेला. नेमाण्णांनी भिंतीपाशी येऊन मला जाहीर केलं, "सर, घरच्या घरी करनार. लोखंडाचं बघितलं, हे तर काय, दगडमाती."

घरच्या घरीचा पहिला प्रयोग झाला तो फौंड्रीच्या वाळूचा. साच्यात वापरून झालेली ही काळी वाळू फौंड्र्या टाकूनच देतात. नेमाण्णांनी ओळखीनं चार पोती आणली. त्यांचं म्हणणं साधं होतं. जी वाळू उकळतं लोखंड सोसते, तिला स्कूटरचं काय ओझं? दोन्ही खड्डे भरले, वरून थापी मारली, आणि ते काळंभोर काम दोन दिवस उन्हात चकाकत राहिलं. तिसऱ्या दिवशी ते सुटायला लागलं. दूधवाल्याचे पाय काळे झाले, पोस्टमनचे झाले, आणि संध्याकाळपर्यंत नेमाण्णांच्या घरातल्या पांढऱ्या फरशीवर काळी पावलं उमटली. आक्का त्यांचा माग काढत निघाल्या. पावलं पोर्चमधून हॉलमध्ये, हॉलमधून स्वयंपाकघरात आणि तिथून सरळ बेसनलाडवाच्या डब्यापर्यंत गेली होती.

"तुमाला शुगर हाय न्हवं?" आक्कांचा आवाज आमच्या घरात स्पष्ट आला.

"मी डबा ठोकून बघत हुतो," नेमाण्णा म्हणाले.

"आनि मग?"

"...पोकळ हाय आता."

त्या वाळूत माती असते, कोळशाची पूड असते, सिमेंट तिला धरत नाही. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि तेही ती चूक दुसऱ्याच कुणाचीतरी असल्यासारखं.

दुसऱ्या खेपेला वाळू चांगली आणली, पण हात सढळ पडला. खड्ड्याच्या जागी टेकडी झाली. चाचणीसाठी नेमाण्णांनी पोर्चपाशी उभं राहून बादलीभर पाणी ओतलं. पाणी गेटाकडे निघालं, टेकडीपाशी थबकलं, वळलं आणि आक्कांच्या चपला घेऊन परत पोर्चमध्ये आलं. नेमाण्णा बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "पाणी चुकलं." त्याच दुपारी टेकडी फोडली.

दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. नेमाण्णा शिकायला गेले. आमच्या मागच्या गल्लीत एका अपार्टमेंटचं काम चाललं होतं. तिथं समोरच्या पायरीवर हे तीन दिवस वर्गात बसावं तसे बसले. मालकाला वाटलं इन्स्पेक्टर आहेत. त्यानं चहा पाजला. खरी शिकवणी केली ती काँक्रीट कालवणाऱ्या गंगव्वानं. डोक्यावर घमेल्याची चुंबळ, तोंडात पान, आणि हिशेबाला पक्की. यांनी तिला कन्नडमधून आपली दोन अपयशं सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "अज्जा, जुन्या काँक्रीटला आधी पानी पाजलंत काय? ते तहानलेलं असतंय. तुमी वर नवं टाकलं की ते नव्यातलंच पानी पिऊन टाकतंय. मग नवं धरनार कसं?"

नेमाण्णा घरी आले ते थेट आमच्याकडं. "सर, इतकी वर्षं मी ठोकून ऐकलं. तहान लागलीय हे काय मला कधी ऐकू आलं न्हाय." त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मी चहा पुढं केला तर त्यांना कप दिसला नाही.

तिसरी खेप मी अथपासून इतिपर्यंत पाहिली. आधी खडूचे सगळे गोल छिन्नीनं फोडले. कडा चौकोनी, उभ्या कापल्या. दोनाचे सात खड्डे झाले. आक्का पोर्चमधून ओरडल्या, "अवो, हुते त्यापेक्षा जास्त केलासा की!" नेमाण्णांनी तारेच्या ब्रशनं धूळ झाडली, दिवसभर पुन्हा पुन्हा पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत सिमेंटची पातळ खळ फासली आणि ती ओली असतानाच बारीक खडीचा घट्ट माल भरला. लाकडी ठोकळ्यानं कोपरे दाबले, सरळ फळी दोन्ही बाजूंना टेकवून, करवतीसारखी मागं-पुढं ओढत, जुन्याच्या बरोबरीला आणला. भेगेचं तोंड उघडून तीही भरली. शेवटी खराटा घेतला आणि त्या सुंदर, गुळगुळीत कामावरून हलक्या हातानं आडवा ओढला. वर बारीक रेघा उमटल्या.

मी हळहळलो. "आण्णा, चांगलं आरशासारखं झालं होतं."

"आरसा काय करायचा? चाकानं धरलं पायजे." मग माझ्याकडे न बघता, "चाक घसराय न्हाय पायजे, सर."

त्यानंतर सुरू झाले ते दहा दिवस. सगळ्या रोडवर ओली पोती अंथरली गेली. गेटाला दोरी आली. कुणीही पाय टाकायचा नाही. घरात जायची वाट आमच्या अंगणातून, भिंतीवरून. भिंतीच्या अलीकडे आमचं स्टूल, पलीकडे त्यांचं. दूध, भाजी, गॅस सिलिंडर, सगळं भिंतीवरून गेलं. पद्माक्का दिवसातून चार वेळा नऊवारी सावरत भिंत चढायच्या आणि वर पोचल्या की क्षणभर बसून गल्ली बघायच्या. त्या निमित्तानं माझ्या बायकोची आणि त्यांची चांगलीच गट्टी जमली. त्या दोघी भिंतीवर बसून हळू आवाजात काय बोलतात, ते मला कळत नसे.

पाचव्या दिवशी सदलग्याहून नेमाण्णांची मावशी आली. वय ऐंशीच्या पुढं, काठी, आणि बरोबर काकवीची कळशी. तिला भिंतीवरून कसं घ्यायचं यावर चर्चा झाली. खुर्चीत बसवून उचलावं असा प्रस्ताव नेमाण्णांनी मांडला. मावशीनं काठी उगारली. "मला काय सिलिंडर समजलास व्हय रं?" शेवटी मावशी आमच्याच घरी उतरली. दोन दिवस राहिली. भाचा भिंतीच्या पलीकडं खुर्ची टाकून बसायचा, मावशी अलीकडं, आणि ऊस, भावकी, कुणाचं लग्न जमलं, सगळं भिंतीवरून चालायचं. जाताना ती म्हणाली, "नेम्या, तुझा रोड बरा झाला की बोलीव. तुझं घर बघायचं ऱ्हायलंच." काकवी मात्र आमच्याकडंच राहिली. नेमाण्णांना शुगर होती ना.

दहा दिवस संपले. पोती निघाली. नेमाण्णांनी हातोडीनं एकेक इंच ऐकला. सगळीकडं टक्. मी अभिनंदन केलं, आता विषय संपला असं समजून वाचनालयात गेलो.

चार दिवसांनी दुपारी घरी परत येत होतो, तर त्यांचं गेट आतून लावलेलं. आतून आक्कांचा आवाज, "सोडू नगासा! सोडू नगासा म्हनते!" मी घाबरून भिंतीवरून डोकावलो. पद्माक्का स्कूटरवर बसल्या होत्या. पदर खोचलेला, डोक्यावर नेमाण्णांचं हेल्मेट भुवयांपर्यंत उतरलेलं. मागं नेमाण्णा सीटची दांडी धरून वाकून पळत होते. तीस फूट गेले. "ब्रेक! ब्रेक!" गाडी थांबली. दोघांनी मिळून ती वळवली. पुन्हा तीस फूट. नेमाण्णांच्या बनियनवर घामाचा नकाशा झाला होता, पण दांडीवरचा हात सुटत नव्हता.

मी पाऊल न वाजवता घरात आलो आणि बायकोला सांगितलं. तिनं भाजी निवडता निवडता मान हलवली. "तुम्हाला आत्ता कळलं? संक्रांतीनंतर गाडी शिकताना पडल्या त्या आक्काच. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. पुन्हा गाडीला हात लावणार नाही म्हणाल्या. गल्लीतल्या बायका हसतील म्हणून रडल्या. मग नेमाण्णांनी सगळ्यांना सांगितलं, मीच पडलो."

मला त्यांची ती सल्ले ऐकणारी खाली घातलेली मान आठवली. त्या सल्ल्यांत माझाही एक होता. आण्णा, या वयात आता रिक्षानं जात चला, असं मी म्हणालो होतो.

पंधरा-वीस दिवसांत आक्का गेटाबाहेर पडल्या. आधी कोपऱ्यापर्यंत, मग दोन गल्ल्या. आणि एका रविवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं, की आपण एकट्या शहापूरला बहिणीकडं जाऊन येणार. नेमाण्णांनी टायरमधली हवा दोनदा बघितली, ब्रेक तीनदा बघितला. आक्का "साकु, साकु" म्हणत गेल्या. रोडवरून सरळ, न डगमगता, रेघांवरून चाक नीट धरत. गल्लीच्या टोकाला वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

नेमाण्णा गेट धरून उभे होते. मी आत निघालो, तसे म्हणाले, "सर, वाईच बसतासा काय?"

आम्ही त्यांच्या पोर्चमध्ये बसलो. मी रोडचं कौतुक केलं. त्यांनी ऐकलं नाही. आपणहून बोलायला लागले.

"दिवाळीनंतर एक दिस माझ्या छातीत कळ आली. सकाळीच. घामानं निथळलो. तवा तुमी गावाला गेलतासा. गाडी दारात उभी, किल्ली खुंटीला. पन आमच्या दोघांत चालवनारा एकटा मीच, आनि मी तर आडवा पडलेला. तर ती रिक्षा बघाय पळाली. अनवाणी. ह्या खड्ड्यातनं ठेचकाळत. मी खिडकीतनं बघत हुतो."

"मग?"

"मग काय न्हाय. गॅस निघाला. डॉक्टर हसलं." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मला दुखत हुतं त्याचं काय न्हाय, सर. पन तिची ती पळनारी पाठ बघून लई वंगाळ वाटलं. इतकी वर्षं मागं बसवून फिरवली. एकदाबी मनात आलं न्हाय, की बाई, तुलाबी शिकवावं."

बोलून झाल्यावर ते गेटाकडं बघत राहिले. अर्ध्या तासात येते म्हणाल्या होत्या. पाऊण तास झाला, तास झाला. फोन करू का, असं मी विचारलं, तर घाईनं म्हणाले, "नगो, नगो. चालवता चालवता उचलंल." सव्वा तासानं आक्का आल्या. गेटातून न थांबता आत, पोर्चपर्यंत, आणि अगदी बरोबर जागी ब्रेक. हेल्मेट काढलं तर चेहरा लालबुंद.

"बहिणीनं पोहे केले," त्या म्हणाल्या. "मग तिला मागं बसवून मार्केटात नेऊन आनली."

नेमाण्णांनी रागवायची तयारी केलेली मला दिसत होती. पण म्हणाले, "मागं बसवलीस? मानूस मागं असल्यावर ब्रेक आधी दाबायचा, सांगाय ऱ्हायलं हुतं माझं."

"कळलं मला ते," आक्का म्हणाल्या आणि पिशवी घेऊन आत गेल्या.

आता आक्का रोज सकाळी साडेसातला स्कूटरवरून बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात जातात. तिथून भाजी, तिथून कधी बहीण. नऊ वाजतात. नेमाण्णांना त्या रोज विचारतात, येता काय? ते रोज म्हणतात, "मला कामं हायत."

आक्का वळणापलीकडं गेल्या, की पाच-दहा मिनिटांत नेमाण्णा आमच्या व्हरांड्यात हजर होतात. "पेपर आला काय?" त्यांच्या घरी त्यांचा स्वतःचा पेपर घडीसुद्धा न मोडता पडलेला असतो, हे मला भिंतीवरून दिसतं. ते आमचा पेपर घेऊन बसतात. पान उलटत नाहीत. उसाचं बोलतात, पाण्याचं बोलतात, मुलीचा फोन आला होता का ते सांगतात. बायको चहा आणते. एक दिवस मी विचारलं, "आण्णा, घरी काय करता हो एकटे?"

"घरी लई आवाज येतोय, सर," ते म्हणाले. "भिंतीवरच्या घड्याळाचा. इतकी वर्षं ते घड्याळ हाय, पन वाजतंय हे कधी ठावंच नव्हतं."

त्यानंतर मी ते विचारलं नाही. नऊच्या सुमाराला, मला काहीही ऐकू येत नसताना, नेमाण्णा बोलता बोलता मध्येच उठतात. वाक्य अर्धंच सोडतात. झपाझप आपल्या अंगणात जातात, नळ सोडतात आणि जास्वंदीला पाणी घालत उभे राहतात. मग कुठं मला लांबून स्कूटरचा आवाज येतो. आक्का आत वळतात.

"आलीस व्हय? एवढ्यात?" नेमाण्णा वळूनही बघत नाहीत.

"नऊ वाजून गेले की. काय कराय लागलासा इतका वेळ?"

"काय न्हाय. कामं हुती."

आमचा पेपर तेव्हा त्यांच्या काखेत असतो. तो मी दुपारी जाऊन आणतो.